भाड्याच्या घरातली ओल, बुरशी आणि एसीचं पाणी: उगम सापडला की खर्च कोणाचा ते ठरतं

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत भाड्याच्या फ्लॅटमध्ये जून ते ऑक्टोबर एकच तक्रार असते. भिंत काळी पडते, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो, एसीखालची गादी भिजते. भाडेकरू म्हणतो इमारत गळकी आहे. मुंबई-पुण्याला राहणारे घरमालक म्हणतात, तुम्ही खिडक्याच उघडत नाही. दोन्ही बाजू अंदाजाने बोलतात आणि डिपॉझिट परत देताना भांडण होतं. पाणी नेमकं कुठून येतं हे शोधलं, तर बहुतेक वेळा खर्चाचा प्रश्न तिथेच सुटतो. म्हणून खालच्या तपासण्या फुकटातल्या आणि सोप्या गोष्टींपासून सुरू होतात. मधली पायरी गाळून एकदम भिंत फोडायला किंवा एसीत गॅस भरायला जाऊ नका.

लक्षणं

सगळ्या ओलीला 'लीकेज' हे एकच नाव देऊ नका. ओल कुठे आणि कशी दिसते यावरून अर्धं निदान होतं.

– पश्चिमेच्या किंवा नैऋत्येच्या भिंतीवर, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांतून तपकिरी डाग उतरतो आणि झड आली की काही तासांत पसरतो: पाऊस बाहेरून आत येतो आहे.
– तळमजल्यावर जोत्यापासून दोन-तीन फुटांपर्यंत ओलीचा पट्टा, रंगाचे पापुद्रे, त्याखाली पांढरी पूड: जमिनीतली ओल भिंतीत चढते आहे. चिऱ्याच्या घरांत हे फार दिसतं, कारण जांभा सच्छिद्र दगड आहे आणि पाणी ओढून घेतो.
– छताला गोलसर डाग, पाऊस नसतानाही ओला: वरच्या फ्लॅटची न्हाणी किंवा पाइप. सगळ्यात वरच्या मजल्यावर असाल तर गच्ची.
– काळे-हिरवे ठिपके, बहुतेक कपाटाच्या मागे, छताच्या कडेला, पलंगाच्या उशाकडे. गिलावा मात्र घट्ट: हवेतली वाफ थंड भिंतीवर जमते आहे.
– एसीच्या पुढच्या पट्टीतून थेंब, किंवा एसीच्या मागून भिंतीवर ओघळ: ड्रेन (पाणी बाहेर नेणारी नळी) तुंबला, कॉइलवर (एसीच्या आतल्या थंड नळ्यांच्या जाळीवर) बर्फ साचला, पाइपचं वेष्टन फाटलं किंवा भिंतीतल्या भोकातून पाऊस येतो आहे. ही चार कारणं वेगळी आहेत, प्रत्येकाचा खर्चही वेगळ्या खिशातला.

पहिली तपासणी: सात दिवसांची वही

फुकट आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगी हीच. रोज सकाळी आणि रात्री चार गोष्टी लिहा: पाऊस पडला का आणि वारा कुठून होता, एसी किती तास चालला, वरच्या फ्लॅटमध्ये माणसं होती का, डाग किती मोठा. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा, बाजूला तारीख टाका आणि त्याच अंतरावरून फोटो काढा.

मग तुलना करा. पाऊस थांबला आणि डाग थांबला, तर पाणी बाहेरचं. एसी दोन दिवस पूर्ण बंद ठेवला आणि ओघळ थांबला, तर एसीचं. पण एसी बंद असूनही एसीखालीच ओल येत असेल तर एसी बिचारा निर्दोष आहे. त्याच्या तांब्याच्या पाइपांसाठी पाडलेल्या भोकातून पाऊस शिरतो आहे. ही चूक इतकी सर्रास होते की एसीची सर्व्हिस तीनदा होते आणि भिंत तशीच ओली राहते. वरचं बिऱ्हाड गावी गेल्यावर डाग वाळत असेल, तर उत्तर वरच्या न्हाणीत आहे.

ही वहीच पुढे घरमालकांना दाखवायचा पुरावा असते. 'खूप दिवसांपासून ओल आहे' या वाक्यावर कोणी खर्च करत नाही. तारखांसह सात फोटो पाहिल्यावर करतात.

दुसरी तपासणी: बुरशी की लोणा

पांढरं काही दिसलं की लोक बुरशी म्हणतात. थोडं पाणी शिंपडा. पांढरी पूड विरघळून दिसेनाशी झाली तर तो लोणा, म्हणजे भिंतीतले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर आलेले. पुसल्यावर चिकट पसरली, कुबट वास आला, तर बुरशी. फरक महत्त्वाचा आहे. लोणा म्हणजे पाणी भिंतीच्या आतून येतं आहे, आणि ते काम घरमालकांचं. नुसती बुरशी खोलीतल्या दमट हवेनेही येते.

तिसरी तपासणी: प्लॅस्टिकचा तुकडा

ओलीच्या जागी एक फूट बाय एक फूट जाड पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा. टेप धरावा म्हणून आधी कडा कापडाने कोरड्या करा. एक ते दोन दिवसांनी पाहा. थेंब खोलीच्या बाजूला, म्हणजे वरून हात लागेल तिथे, असतील तर खोलीतली वाफ भिंतीवर जमते आहे. थेंब प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला, असतील तर पाणी भिंतीतून येतं आहे. दोन्हीकडे असतील, आणि कोकणात जुलैत असं होतंही, तर आधी भिंतीतलं पाणी थांबवायचं. हवेचं नंतर बघता येतं.

चौथी तपासणी: खोलीतली हवा

आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ तीन-चारशे रुपयांत मिळतं. ते बेडरूममध्ये, एसीच्या झोताबाहेर ठेवा. आर्द्रता बराच वेळ ६० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला वाढायला पुरेसं होतं. पावसाळ्यात बाहेरचीच हवा ८५-९० टक्के असते, म्हणून 'खिडक्या उघडा' हा सल्ला कोकणात बाराही महिने चालत नाही. पावसाची उघडीप असताना आणि ऊन असताना उघडा. धो-धो पडत असताना उघडली तर ओलच आत घेता.

इथे एसीचा घोळ समजून घ्या. हवा २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल, तर दवबिंदू साधारण २५ अंशांवर असतो. म्हणजे २५ पेक्षा थंड असलेल्या कुठल्याही गोष्टीला ती हवा लागली की पाणी सुटतं. खोली १८ वर थंड केली आणि स्वयंपाकघराकडचं दार उघडं राहिलं, तर बाहेरची हवा आत येऊन एसीच्या पट्ट्यांवर, आरशावर, थंड भिंतीवर थेंब धरते. कधी कधी तर एसीच्या खोलीत काही दिसत नाही आणि पलीकडच्या खोलीत त्याच भिंतीवर बुरशी येते, कारण भिंत अलीकडून थंड झालेली असते. सेटिंग २४ ते २६ ठेवा, दारं-खिडक्या बंद ठेवा, पावसाच्या दिवसांत काही तास ड्राय मोड (हवेतली ओल काढणारं रिमोटवरचं सेटिंग) वापरा. खोलीच्या मानाने फार मोठा एसी असला तर तो पटकन थंड करून बंद पडतो आणि हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. लहान खोलीत दोन टनाचा एसी असूनही चिकचिक जात नसेल तर कारण हेच.

बाकी सवयी सांगायच्या तर: ओले कपडे बंद बेडरूममध्ये वाळत घालू नका, न्हाणीतला एग्झॉस्ट अंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा, बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवू नका, चार बोटं तरी जागा सोडा. गणपतीला आठ-दहा दिवस गावी जाताना कपाटांची दारं किलकिली ठेवा आणि ओलं पायपुसणंही आत ठेवू नका.

जबाबदारी: वाफेमुळे आलेली बुरशी सवयींनी थांबत असेल तर सफाई भाडेकरूची. पण न्हाणीला खिडकी नाही आणि एग्झॉस्टही नाही, किंवा खिडकी बिजागरीला गंजून उघडतच नाही, तर सवयींचं कारण पुढे करणं योग्य नाही. ती सोय घरमालकांनी करायची.

पाचवी तपासणी: खिडकीचा ट्रॅक आणि भिंतीतली भोकं

जुन्या घरांना पावसाआधी पश्चिमेच्या अंगाला झापांच्या झडी, म्हणजे झावळ्यांचे आडोसे, बांधत. फ्लॅटला तसं काही नसतं, सज्जाही जेमतेम दीड फूट. आडवा पाऊस थेट काचेवर येतो. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी जायची छोटी भोकं असतात. ती धूळ, मेलेले किडे आणि रंगाने बुजतात, ट्रॅक भरतो आणि पाणी आतल्या बाजूने भिंतीत उतरतं. जुना टूथब्रश आणि पातळ तार घेऊन भोकं मोकळी करा, मग ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर जातं का पाहा. दहा मिनिटांचं काम आहे आणि खिडकीखालचे बरेच डाग एवढ्यानेच थांबतात.

पाणी बाहेर जातं, तरी भिंत भिजते? मग चौकट आणि भिंत यांच्यामधलं सिलिकॉन सुटलं असणार. तसंच एसीच्या पाइपांचं, केबलचं, गिझरच्या नळीचं भोक बाहेरून पाहा. भोकाला बाहेरच्या बाजूला उतार हवा. एसीचा पाइप आत शिरण्याआधी थोडा खाली झुकवून मग वर घेतलेला हवा, म्हणजे पाइपावरून येणारं पावसाचं पाणी त्या झुकावावरून गळून पडतं, आत येत नाही. भोकाभोवती नुसती पुट्टी किंवा व्हाइट सिमेंट भरलेलं असलं तर एक-दोन पावसाळ्यांत त्याला चीर पडते; बाहेरून टिकणारं सीलंट लागतं.

भोकं साफ करणं भाडेकरूचं. सिलिकॉन आणि सीलंट घरमालकांचं, कारण ते इमारतीचं अंग आहे. एसी भाडेकरूचा आणि भोक त्याने पाडलं असेल तर ते भोक बुजवणंही त्याचंच, घर सोडतानासुद्धा. वरच्या मजल्यावर बाहेरून लटकून हे काम स्वतः करू नका.

सहावी तपासणी: एसी

प्रत्येक कामाआधी एमसीबी (बोर्डातला वीज तोडणारा खटका) खाली करा. रिमोटने बंद केलेला एसी पूर्ण बंद नसतो.

फिल्टर. पुढचं झाकण वर करून दोन्ही जाळ्या काढा, नळाखाली उलट्या बाजूने धुवा, सावलीत वाळवून बसवा. एसी रोज चालत असेल तर दर पंधरा दिवसांनी. फिल्टर बुजला की कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही, कॉइल शून्याखाली जातं, बर्फ धरतं आणि एसी बंद केल्यावर तो बर्फ वितळून कॉइलखालच्या पाण्याच्या ट्रेबाहेर सांडतो. नुसत्या फिल्टरमुळे गळती होते यावर पुष्कळांचा विश्वास बसत नाही, म्हणून ते थेट मेकॅनिकला बोलावतात.

ड्रेन. दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज काढतो. ते सगळं ट्रेमधून अर्ध्या-पाऊण इंचाच्या नळीने बाहेर जायला हवं. आधी बाहेरचं टोक पाहा. एसी तासभर चालल्यावर तिथून पाणी टपकत नसेल आणि आत गळत असेल, तर नळी तुंबली आहे. बाहेरचं टोक बादलीत सोडलेलं असेल आणि बादलीतल्या पाण्यात बुडालं असेल, तर हवा अडकून पाणी थांबतं. टोक पाण्याच्या वर घ्या. टोकाशी मातीचं घरटं दिसलं तर ते कुंभारीण माशीचं. उन्हाळ्याआधी महिनोन्महिने बंद असलेल्या एसीच्या नळीत हे हमखास सापडतं. टोकाला बारीक जाळी बांधायचा मोह होतो, पण जाळीत शेवाळ धरून ती स्वतःच तुंबते. बांधलीत तर महिन्याला धुवा.

आत नळीत बहुतेक वेळा चिकट, जेलीसारखा थर असतो. तो काढायला ओलं ओढू शकणारा व्हॅक्यूम क्लीनर बाहेरच्या टोकाला लावून कापडाने सांधा घट्ट धरा आणि दोन मिनिटं ओढा. बाहेरून तोंडाने किंवा पंपाने फुंकू नका. फुंकलं की तोच चिखल उलटा ट्रेमध्ये जातो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोंडाशी येऊन बसतो. नंतर फिल्टर काढून कॉइलवर, वायरी असतात त्याच्या विरुद्ध बाजूने, लिटरभर पाणी अगदी हळू सोडा आणि बाहेर बादली ठेवून मोजा. जवळपास तेवढंच बाहेर आलं तर ड्रेन मोकळा. कमी आलं तर ट्रे फुटलेला, किंवा नळी मध्ये कुठेतरी निसटलेली. विजेची बाजू कुठली ते कळत नसेल तर पाणी ओतूच नका.

उतार. नळीला दर मीटरला निदान एक सेंटिमीटर उतार हवा आणि मध्ये कुठे पोट सुटलेलं नको. पोटात पाणी थांबतं, शेवाळ धरतं आणि दर दोन महिन्यांनी तीच तक्रार येते. एसीचा आतला भाग (इनडोअर) भिंतीवर सरळ बसला आहे का ते लेव्हलने पाहा. ड्रेनच्या विरुद्ध बाजूला झुकला असेल तर ट्रे कितीही स्वच्छ केला तरी गळणारच. चार-सहा महिन्यांनी परत परत गळणाऱ्या एसीत ड्रेन साफ करून पैसे घेणारे पुष्कळ, उतार दुरुस्त करणारे थोडे. मेकॅनिकला उतार दाखवायला सांगा.

घाम. तांब्याच्या थंड पाइपावरचं काळं फोमचं वेष्टन उन्हाने भुसभुशीत होतं, खारी आणि कावळे ते कुरतडतात. उघड्या पाइपावर दव जमून पाणी पाइपाबरोबर भिंतीत येतं. खूण अशी की ड्रेनमधून पाणी नीट जातं, तरी मागची भिंत ओली. वेष्टन बदलून वरून टेप गुंडाळायचा.

बर्फ आणि गॅस. फिल्टर स्वच्छ, पंखा नीट, तरी तासाभरात कॉइलवर किंवा बाहेरच्या बारीक पाइपावर बर्फ दिसला, खोलीही थंड होत नाही, तर गॅस कमी आहे. इथे थांबा. पुढचं काम तुमचं नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: गॅस वापरून संपत नाही, तो बंद नळीत फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतो. खाऱ्या हवेने कॉइलला बारीक भोकं पडणं समुद्राजवळच्या घरांत नेहमीचं आहे. गळती न शोधता दर उन्हाळ्यात गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं. नायट्रोजनने दाब देऊन गळती शोधायची, सांधा किंवा कॉइल दुरुस्त करायचं, व्हॅक्यूम काढायचा आणि मग वजन करून गॅस भरायचा. नव्या बहुतेक एसींमधला आर-३२ गॅस ज्वलनशील आहे. म्हणून बंद खोलीत टॉर्च लावून कोणी घाईने सोल्डरिंग करायला लागला तर त्याला थांबवा.

खर्चाची वाटणी: एसी घरमालकांचा असेल तर फिल्टर, ड्रेन आणि वर्षाच्या सर्व्हिसचा खर्च भाडेकरूने करावा, कारण ती वापरातली झीज आहे. कॉइलची गळती, कॉम्प्रेसर, पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड), बसवतानाच चुकलेला उतार हे घरमालकांचं. फिल्टर सहा महिने धुतला नाही म्हणून पाणी सांडून भिंत आणि फर्निचर खराब झालं, तर ते नुकसान भाडेकरूचं. एसी भाडेकरूने स्वतः लावला असेल तर त्याच्या पाण्याने भिजलेली आपली भिंत आणि खालच्या शेजाऱ्याची खिडकी दोन्हींची जबाबदारी त्याचीच. ड्रेनची नळी खालच्यांच्या वाळवणावर सोडू नका, पावसाच्या पाइपात किंवा मोरीत न्या.

सातवी तपासणी: वरून येणारं पाणी

वरच्यांशी गोडीने बोला आणि दोन चाचण्या मागा. पहिली: त्यांचे सगळे नळ रात्री बंद ठेवून मीटर पाहायचा. काटा फिरला तर दाबाच्या पाइपात गळती आहे. फिरला नाही, तर सांडपाण्याकडे बघायचं. दुसरी: न्हाणीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीवरच्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्यात) खायचा गडद रंग घालून बादलीभर पाणी सोडायचं आणि खाली एक-दोन दिवस डागाचा रंग पाहायचा. रंग उतरला तर ट्रॅपभोवतीचा सांधा किंवा टाइल्सच्या फटी. रंग आला नाही म्हणून वरचा फ्लॅट सुटला असं मात्र नाही. पाणी स्लॅबमध्ये लांबून फिरून येऊ शकतं.

सोसायटी असेल तर सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइप यांची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते. फ्लॅटच्या आतल्या न्हाणी-संडासाची गळती त्या सभासदाने. भाडेकरू सभासद नसतो, म्हणून सोसायटीकडे अर्ज घरमालकांनी करायचा. 'तुम्हीच सेक्रेटरींना भेटा' असं सांगून मोकळं होणं बरोबर नाही. भाडेकरूने फोटो आणि वही द्यावी, अर्जावर सही मालकांची असावी.

आठवी तपासणी: बाहेरची भिंत, गच्ची, जोतं

हे सगळ्यात महाग आणि पावसाळ्यात न होणारं काम. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. जुलैत भिजलेली भिंत बाहेरून वॉटरप्रूफ करता येत नाही, कारण ओल्या गिलाव्यावर कुठलाही लेप धरत नाही. पावसात करायचं ते तात्पुरतं: गच्चीच्या पन्हळीतला आणि आउटलेटमधला पाला काढणं, चिरेवर सीलंट, ताडपत्री किंवा पत्रा. खरं काम दिवाळीनंतर, भिंत वाळल्यावर, नोव्हेंबर ते मे. त्यात चिऱ्यांच्या दर्जा (सांध्यांच्या फटी) पुन्हा भरणं, बाहेरच्या चिरा उघडून भरणं, गच्चीचा उतार आणि वॉटरप्रूफिंग. काम झाल्यावर गच्चीत एक-दोन दिवस पाणी साठवून खालून तपासा आणि मगच ठेकेदाराचे शेवटचे पैसे द्या.

जमिनीतून चढणाऱ्या ओलीवर आतून वॉटरप्रूफ रंग मारणं निरुपयोगी. पाणी आत कोंडून दोन फूट आणखी वर चढतं. घराभोवती साचणारं पाणी आधी दूर न्या, जोत्याला टेकलेली माती खाली घ्या, मग जोत्याच्या ओलरोधक थराचं बघा. हा सगळा खर्च घरमालकांचा, यात वाद नको.

बुरशी पुसताना

पाणी थांबवल्याशिवाय पुसण्यात अर्थ नाही, आणि बुरशीवर रंग मारण्यात तर अजिबातच नाही. महिन्याभरात रंगासकट सुटते. एक चौरस मीटरपेक्षा लहान डाग घरी काढता येतो. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, चष्मा. कोरड्या ब्रशने घासू नका, कण हवेत उडतात. साबणाच्या पाण्याने ओलं करून घासा, पुसा, पंख्याने पूर्ण वाळवा. टाइल्सवर ब्लीच चालतं, एक लिटर पाण्यात ६० मिलिलिटरपेक्षा जास्त नको, खिडकी उघडी हवी. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं अॅसिड किंवा अमोनिया कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. गिलाव्यावर ब्लीच फारसं कामाचं नाही, ते आत पोचत नाही आणि त्यातलं पाणी मात्र मुरतं.

करार काय म्हणतो

इथे बरेच लोक फसतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, उलट करार नसेल तर, घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं घरमालकांवर बंधनकारक आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्यांनी वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून कापू शकतो, पण एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. पावत्या सांभाळाव्या लागतात.

मात्र हे कलम 'भाडेकरू'बद्दल आहे. आज बहुतेक फ्लॅट अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर असतात, आणि त्यात राहणारा कायद्याच्या भाषेत परवानाधारक असतो. त्याच्यासाठी करारातलं वाक्यच मुख्य. शिवाय हा कायदा सगळ्या गावांना सरसकट लागू नाही, अनुसूचीतल्या क्षेत्रांना आहे. म्हणून लीव्ह अँड लायसन्स असेल तर कलम १४ चा हवाला देऊन स्वतःच्या मनाने भाडं कापू नका. आधी लेखी संमती घ्या. घरमालकांनीही ध्यानात घ्यावं: भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५७ प्रमाणे आपल्याला माहीत असलेला आणि राहणाऱ्याच्या जिवाला किंवा सामानाला धोका ठरणारा दोष त्याला सांगणं आपलं कर्तव्य आहे. गळणाऱ्या भिंतीवर मे महिन्यात रंग मारून जूनमध्ये फ्लॅट देणं या कर्तव्याला धरून नाही. केंद्राचा २०२१ चा आदर्श भाडेकरार कायदा इथे आपोआप लागू होत नाही, पण त्यातली कामांची यादी करार लिहिताना उपयोगी आहे: संरचनेची दुरुस्ती, रंग, पाइप बदलणं मालकांकडे, नळाचे वॉशर, मोरी साफ करणं, स्विच भाडेकरूकडे.

कळवताना फोनवर बोला, पण पाठोपाठ लेखीही पाठवा. असं:

"नमस्कार काका, बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीवर खिडकीखाली साधारण तीन फूट बाय दोन फूट ओल आली आहे. सात दिवसांची नोंद आणि फोटो सोबत पाठवतो आहे. एसी तीन दिवस बंद ठेवला तरी झड आली की डाग वाढतो, म्हणजे पाणी बाहेरून येतं आहे. ट्रॅकची भोकं आम्ही साफ केली. सध्या सिलिकॉन भरून घ्यावं आणि दिवाळीनंतर बाहेरून भिंत करून घ्यावी ही विनंती. माणूस कधी येईल ते रविवारपर्यंत कळवा, आम्ही घरी थांबू."

उत्तर आलं नाही तर हेच स्पीड पोस्टाने, रजिस्ट्रेशनसह, पाठवा. वाद वाढलाच तर वकिलाआधी जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा; पात्र व्यक्तींना तिथे मोफत सल्ला मिळतो आणि दावा दाखल करण्याआधी तडजोडीचा प्रयत्नही होतो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

ओल स्विचबोर्डपर्यंत आली, भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या किंवा एमसीबी सारखा पडतो: मेन बंद करा, परवानाधारक इलेक्ट्रिशियन येईपर्यंत चालू करू नका. छताचा गिलावा पडतो, सळ्या दिसतात, स्लॅबला पोट आलं आहे: त्या खोलीत झोपू नका, स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवा, गवंड्याच्या अंदाजावर हे सोडू नये. बाहेरच्या युनिटचा लोखंडी अँगल गंजून पातळ झाला आहे: खाऱ्या हवेत हे लवकर होतं, आणि पन्नास किलोपर्यंतचं वजन खालच्या रस्त्यावर पडू शकतं. एसी बंद करा, खाली कोणाला थांबू देऊ नका, हातही न लावता मेकॅनिकला बोलवा. गॅसचं काम, एक चौरस मीटरच्या वर पसरलेली बुरशी, एसीच्या आतल्या पंख्यावर जमलेला काळा थर हेही घरी करण्याचं नाही. घरात दम्याचा रुग्ण, तान्हं मूल किंवा नुकतं आजारातून उठलेलं माणूस असेल तर लहान डागसुद्धा दुसऱ्याकडून काढून घ्या आणि तोवर त्यांना त्या खोलीत झोपवू नका.

पुढच्या करारात घालायची वाक्यं

अकरा महिने संपले की करार नवा होतो, तेव्हा ही तीन वाक्यं घालून घ्या. "छत, भिंती, गच्ची, सामाईक व दाबाचे पाइप यांतून येणाऱ्या ओलीची दुरुस्ती घरमालक करतील, पावसाळ्यात तात्पुरती दुरुस्ती लेखी कळवल्यापासून सात दिवसांत, कायमची दुरुस्ती ३१ डिसेंबरपर्यंत." "घरमालकांच्या एसीचा फिल्टर, ड्रेन व वर्षातून दोन सर्व्हिस यांचा खर्च राहणारा करेल. गॅस गळती, कॉइल, कॉम्प्रेसर व पीसीबी यांचा खर्च घरमालक करतील." "ताबा देताना व घेताना प्रत्येक खोलीच्या चारही भिंती, छत आणि एसी यांचे तारखेसह फोटो दोघांनी एकमेकांना पाठवले आहेत." ताबा शक्यतो पाऊस पडत असताना पाहा. मे महिन्यात कोणतीही भिंत कोरडीच दिसते.